मालाचा फोटो काढताना मागे काय ठेवावे?



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी आणि ठिबक याच विषयांवर लिहीत असतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण तोही आपल्याच घरातला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ सभासदांच्या घरी महिला बचत गटाचे काम चालते. कुठे उडदाचे पापड आणि कुरडया होतात, कुठे कळण्याचे पीठ दळले जाते. कोणी केळीचे वेफर्स करते, कोणी तूरडाळ भरडते, कोणी मिरची पूड, तर कोणी घरापुरता गूळ आणि काकवी. पूर्वी हा माल आठवडे बाजारात, पाहुण्यारावळ्यांत, नाहीतर पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांच्या पिशवीतून बाहेर पडायचा. आता तो मोबाईलवरच्या दुकानात पण जातो. गटाच्या भगिनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, काही गट मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर नोंदणी करून माल विकतात. गट कार्यालयात आल्यावर मला त्या ऊसबिलाच्या जोडीने एक प्रश्न हमखास विचारतात : "भाऊ, माल चांगला आहे, मग फोटो असा का येतो?"

या प्रश्नाचे निम्मे उत्तर मालाच्या मागे असते. फोटोत माल निम्मी जागा घेतो आणि उरलेली जागा त्याच्या मागचे-खालचे काहीतरी घेते. त्याला कोणी पार्श्वभूमी म्हणते, कोणी बॅकग्राउंड. आपण सोयीसाठी 'पाठ' म्हणू. माल कसा ठेवावा याचा विचार सगळे करतात. पाठीचा विचार कोणी करत नाही, आणि घात तिथेच होतो.

डोळा तेवढा उघडा

बाजारात गिऱ्हाईक काय करते बघा. पापड मोडून बघते, डाळ तळहातावर घेऊन फुंकते, गुळाचा खडा जिभेवर ठेवते, मिरचीचा वास घेते. मोबाईलवर यातले एकही करता येत नाही. हात, नाक, जीभ सगळे बंद. डोळा तेवढा उघडा. म्हणजे जो फोटो आपण टाकतो तोच आपला नमुना. गिऱ्हाइकाने पैसे दिले ते त्या नमुन्याला. हातात आलेला माल नमुन्यासारखा दिसला नाही तर तो परत येतो, आणि बहुतेक वेळा जाण्या-येण्याचे भाडे विकणाऱ्याच्या अंगावर बसते.

आपल्याच भागातली दोन उदाहरणे सांगतो. गटांची नावे लिहीत नाही. एका गटाने उडदाचे पापड अंगणात, निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली ठेवून फोटो काढले. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा असतो. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा सवयीने दुरुस्ती करून घेतो; कॅमेऱ्याची दुरुस्ती अशा ठिकाणी कमी पडते. फोटोतले पापड निळसर दिसले, आणि एका ताईंनी पुण्याहून उलट विचारले, "याला बुरशी आली आहे काय?" पापड ताजे होते, कडक वाळलेले होते. बुरशी होती ती ताडपत्रीची.

दुसरे उदाहरण गुळाचे. एका सभासदाच्या घरी भुकटीशिवाय गूळ केला होता. रस निवळायला रानभेंडीचा चिकट रस वापरलेला. असा गूळ तांबूस-तपकिरी होतो, बाजारातल्या पिवळ्याधमक ढेपेसारखा दिसत नाही. त्यांनी तो चांगल्या हेतूने नव्या पिवळ्या साडीवर ठेवून फोटो काढला. भडक पिवळ्यापुढे तपकिरी रंग मेला आणि गूळ मातीच्या ढेकळासारखा दिसू लागला. महिनाभर मागणी आली नाही. मग घरातलाच एक जण म्हणाला, "पुढच्या वेळी थोडी भुकटी टाकू, रंग तरी येईल." भुकटी म्हणजे हायड्रॉस, हे तुम्हाला माहीत आहे.

मंडळी, मला हा विषय लिहावासा वाटला तो या वाक्यामुळे. चांगल्या मालाची पाठ चुकली म्हणून माणूस माल बिघडवायला निघतो. साध्या कागदाने जे साधते त्यासाठी औषध टाकायची वेळ येऊ नये.

जुन्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक होते

पाठीची विद्या नवी नाही. जळगावच्या सराफ बाजारात जाऊन बघा. सोन्याचा दागिना लाल किंवा मरून मखमलीवर मांडतात, पुडी बांधायला गुलाबी कागद वापरतात. लालसर पाठीवर सोन्याचा पिवळेपणा उबदार दिसतो. तोच सराफ हिरा किंवा चांदी दाखवताना काळी नाहीतर निळी मखमल पुढे ओढतो. कापड दुकानात पांढरी गादी असते. बसायला ती मऊ आहे हे खरेच, पण पांढऱ्यावर साडीचा रंग जसा आहे तसा दिसतो हेही तितकेच खरे.

आपल्या साखरेचीही अशीच गोष्ट आहे. युरोपात पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत विकली जायची आणि ती ढेप निळ्या कागदात गुंडाळलेली असायची. निळ्याशेजारी पिवळट साखरही पांढरी दिसते. इंग्रजीत त्या जाड निळसर कागदाला पुढे 'साखरेचा कागद' असेच नाव पडले. आपल्या आया-आज्या पांढऱ्या धोतराला नीळ द्यायच्या त्यामागचे तत्त्व जवळपास हेच. यातून एक गोष्ट ध्यानात घ्या : डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून बघतो.

आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतही तेच चालते. साखरेची प्रत ठरवताना, एस-३० की एम-३०, कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून येणारा प्रमाण नमुना शेजारी ठेवून दाणा आणि रंग ताडून पाहतात. नुसत्या अंदाजाने कोणी "पांढरी आहे" असे लिहीत नाही.

उसाच्या पानावरून धडा

हल्ली सभासद मला रोगट उसाचे फोटो मोबाईलवर पाठवतात. चांगली गोष्ट आहे. मात्र दहातले पाच फोटो पिकात उभे राहून, पानामागे पानेच पाने अशी असतात. हिरव्यावर हिरवे, त्यात ठिपका कुठला आणि सावली कुठली? म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो, की जे दाखवायचे त्यावर पाठ ठरवा.

तांबेरा दाखवायचा असेल तर पान तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा. नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या लगेच उठून दिसतात. केवडा दाखवायचा असेल तर पान कागदावर न ठेवता आभाळाच्या उजेडाकडे धरा, कारण फिकट-गर्द हिरव्या चट्ट्यांची नक्षी उजेड आरपार आला तरच कळते. लाल कूज दाखवायची असेल तर ऊस उभा चिरून चिरलेली बाजू वर करा आणि खाली साधे पोते किंवा कागद घ्या. आतला लाल रंग आणि मधले आडवे पांढरे पट्टे स्पष्ट आले पाहिजेत. लाल सतरंजीवर ठेवलेली लाल कूज मी पाहिलेली आहे! तिच्यावरून कोणीही निदान करू शकणार नाही.

ऊस तोच, मोबाईल तोच, नुसती पाठ बदलली की रोग दिसतो किंवा लपतो. मालाच्या बाबतीतही असेच आहे. फरक एवढाच, की तिथे आपल्याला गुण दाखवायचा असतो.

चाळीसगावचे केकी मूस

पाठ आणि उजेड यांची ताकद किती, हे बघायला आपल्याला परदेशात जायला नको. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी गृहस्थ इंग्लंडात कला शिकून आला आणि १९८९ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत चाळीसगावच्या त्या घरातच राहिला. घराबाहेर पाऊल टाकल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जग बघायला बाहेर न जाणाऱ्या या माणसाने जग टेबलावर उभे केले. त्यांची 'टेबलटॉप' छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, मागे योग्य पाठ द्यायची, उजेड हवा त्या बाजूने पाडायचा, आणि फोटोत मात्र मोकळ्या आभाळाखालचा देखावा तयार! बघणाऱ्याला पटत नाही की हे सगळे हातभर जागेत झाले. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. गटाच्या भगिनींनी चाळीसगावला गेल्यावर ते जरूर पाहावे.

पण इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. मूस कलावंत होते. टेबलावरची वस्तू डोंगर वाटावी यात त्यांची कला होती आणि पाहणाऱ्यालाही तो आनंद हवा होता. आपण विक्रेते आहोत. आपला पापड पापडच दिसला पाहिजे, आणि तोही जेवढा आहे तेवढाच. साधने दोघांची एक : टेबल, कागद आणि खिडकी. उद्देश मात्र उलटा.

कॅमेरा कसा फसतो

कॅमेऱ्याला माल कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोर जे येईल ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे धरून तो चालतो. पांढऱ्या चादरीवर पांढरी कुरडई ठेवली की त्याला उजेड जास्त वाटतो, तो फोटो काळवंडून टाकतो, आणि कुरडई-चादर दोन्ही राखाडी येतात. काळ्या घोंगडीवर एकटा पिवळा वेफर ठेवला की त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, आणि वेफर फिकट होऊन जळल्यासारखा पांढरट दिसतो. हल्लीचे फोन पूर्वीपेक्षा हुशार झाले आहेत, तरी हा स्वभाव पुरता गेलेला नाही.

उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर मालावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह येते. पांढऱ्या पाठीवर ते थोडे वर सरकवा, काळ्या पाठीवर थोडे खाली. मग प्रत्यक्ष माल डोळ्यापुढे धरून फोटोशी ताडा, प्रयोगशाळेत साखर ताडतात तशी.

कोणत्या मालाला कोणती पाठ

१) साखर, खडीसाखर, कुरडई, तांदळाचे पापड : हा पांढरा माल. त्याला गडद पाठ द्यावी. घरातली काळी पाटी, गडद निळा कागद किंवा धुऊन वाळवलेली शहाबादी फरशी चालते. उजेड बाजूने घ्यावा, म्हणजे दाणा आणि कुरडईची जाळी उठून दिसते.

२) उडदाचा पापड : याचा गुण पातळपणात आहे. एक फोटो करड्या पाठीवर, आणि एक पापड खिडकीच्या उजेडाकडे धरून. आरपार उजेड दिसला की सांगावे लागत नाही.

३) गूळ : पांढऱ्याशुभ्र पाठीवर काळा दिसतो, पिवळ्यावर मातकट, आणि गोणपाटावर ठेवला तर गोणपाटातच मिसळून जातो. फिकट राखाडी किंवा फिकट निळसर कागद घ्यावा. तपकिरी रंगाला निळसर रंग उठाव देतो. ढेप अखंड ठेवण्यापेक्षा एक तुकडा फोडून फुटलेली बाजू उजेडाकडे करावी. आतला रवा दिसला म्हणजे जाणकार गिऱ्हाईक रंगावर अडत नाही.

४) काकवी आणि मध : काचेच्या बाटलीमागे काळी पाठ दिली तर काकवी डांबरासारखी दिसते. बाटलीमागे पातळ पांढरा कागद ताणून लावावा आणि खिडकी कागदाच्या पलीकडे येऊ द्यावी. मागून उजेड आला की आतला लालसर-सोनेरी रंग खुलतो.

५) मिरची पूड : फोन लाल रंग मुळातच भडक करतात. त्यात खाली लाल कापड घातले की सगळा लाल चिखल होतो. पांढरी चिनी मातीची बशी घ्यावी आणि उजेड थोडा कमी ठेवावा, म्हणजे पुडीचा दाणा दिसतो.

६) तूरडाळ, केळीचे वेफर्स : पिवळ्या मालाला गडद हिरवी किंवा निळी पाठ चांगली. वेफर्सच्या प्लास्टिक पाकिटावर खिडकीची चकाकी पडते. पाकीट थोडे थोडे फिरवत चकाकी निघून जाईपर्यंत पाहावे.

७) कळण्याचे पीठ : ज्वारी आणि अख्खा उडीद एकत्र दळल्याने हे पीठ करडे असते, आणि तेच त्याचे खरेपण. पांढऱ्याशुभ्र पाठीवर ते मळके वाटते. सागवानी पाट किंवा पितळी परात घ्यावी. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला कळणा म्हणजे काय ते ठाऊक नसते, म्हणून दुसऱ्या फोटोत भाकरी आणि ठेचा जरूर दाखवावा.

८) भरताची वांगी : आपले वांगे फिकट हिरवे, त्यावर पांढरट रेघा. हौसेने ते केळीच्या पानावर ठेवतात आणि हिरव्यात हिरवे हरवते. काळ्या मातीच्या रंगाचे कापड घ्या, वांगे लगेच वर येईल. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्या मानांकनाची खूण फोटोत किंवा पाकिटावर वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यालाच असतो. नोंदणी नसेल तर शोभेसाठी ती खूण मागे लावू नये.

सर्वांसाठी एक सूचना. फुलाफुलांची चादर, नक्षीचे टेबलक्लॉथ, लग्नाची रांगोळी या पाठी टाळाव्यात. गिऱ्हाइकाची नजर नक्षीत अडकते. वर्तमानपत्र तर मुळीच नको. एक म्हणजे लोक बातमी वाचत बसतात, आणि दुसरे म्हणजे छपाईची शाई खाद्यपदार्थाला लागणे आरोग्याला वाईट. अन्न सुरक्षा खात्यानेही खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, असे वेळोवेळी बजावले आहे. फोटोत पापड पेपरवर दिसला की शहाण्या गिऱ्हाइकाच्या मनात शंका आलीच म्हणून समजा.

घरचा स्टुडिओ

यासाठी सामान फार लागत नाही. शाळेच्या दुकानातून पांढरा, फिकट राखाडी आणि गडद निळा असे तीन मोठे जाड कार्डशीट आणावेत. टेबल खिडकीला लावावे. कागदाचे वरचे टोक भिंतीला चिकटवून खालचे टोक टेबलावर पुढे ओढून घ्यावे. मधे घडी पाडू नये, कागद पन्हाळीसारखा वळू द्यावा. असे केले की भिंत कुठे संपली आणि टेबल कुठे सुरू झाले ते दिसत नाही, मागे आडवी रेघ येत नाही.

माल मागच्या कागदापासून दीड-दोन फूट पुढे ठेवावा, म्हणजे त्याची सावली पाठीवर पडत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, की अंधारी बाजू उजळते. उन्हाची तिरीप थेट मालावर नको. खिडकीला पातळ पांढरे धोतर लावले तरी ऊन मवाळ होते. खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकत्र लावू नयेत, एका बाजूने माल निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळट होतो. हिरव्या शेडनेटखाली, निळ्या ताडपत्रीखाली किंवा गर्द रंगाच्या भिंतीला लागून फोटो काढू नयेत. जवळची प्रत्येक रंगीत वस्तू आपला थोडा रंग मालावर टाकते. लाल लुगडे नेसून फोटो काढणाऱ्या बाईची लाली स्टीलच्या डब्यावर उतरते, इतके हे खरे आहे.

कंपनीचा पांढरा नियम

मोठ्या ऑनलाइन दुकानांत पहिल्या फोटोची पाठ आपल्या मनाने ठरवता येत नाही. ॲमेझॉनचा नियम असा, की मुख्य फोटोची पाठ शुद्ध पांढरी पाहिजे आणि मालाने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. संगणक लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतो. शुद्ध पांढरा म्हणजे तिन्ही २५५. घरच्या कागदाचा पांढरा सहसा थोडा कमी भरतो, तो ॲपमध्ये उजळून घ्यावा लागतो.

मग पांढरी कुरडई पांढऱ्या पाठीवर दाखवायची कशी? फोटोवाले लोक एक युक्ती करतात. मालाच्या डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीत येणार नाहीत अशा बेताने, काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे उभे करतात. त्यांची काळसर छटा मालाच्या कडांवर उतरते आणि कड स्पष्ट होते. काचेच्या बाटलीलाही हीच युक्ती लागू पडते.

पहिला फोटो नियमाप्रमाणे पांढरा ठेवून पुढच्या फोटोंत वर सांगितलेल्या पाठी वापराव्यात. त्यातला एक फोटो आकार सांगणारा असावा. शेजारी चमचा, वाटी किंवा हात ठेवा. नुसत्या पांढऱ्यावर अर्धा किलोची ढेप आणि पाच किलोची ढेप सारखीच दिसते, आणि "एवढीशीच आली" ही तक्रार तिथूनच निघते.

खोटी पाठ नको

हल्ली ॲपमध्ये बोट लावले की मागचे सगळे पुसले जाते, आणि दुसरे बोट लावले की मागे हवे ते येते. पुसताना जपून. ॲप कुरडईची जाळी भरून टाकते, पापडाची वेडीवाकडी कड कापून गोल करते, सावली नाहीशी करून माल हवेत तरंगता ठेवते. मोठा करून एकदा कडा तपासाव्यात.

नवी पाठ चिकटवताना त्याहून जपावे. विकतच्या उसाच्या गुळामागे स्वतःच्या हिरव्यागार फडाचे चित्र लावणे, गिरणीत दळलेल्या पिठामागे जाते लावणे, यंत्रावर लाटलेल्या पापडामागे आजीचे हात लावणे, हे सगळे सोपे झाले आहे. पण पाठसुद्धा बोलते. ती जे सांगते तेही आपणच सांगितल्यासारखे होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० साली आले. त्यांत स्पष्ट आहे, की दुकानात टाकलेले वर्णन आणि चित्र मालाच्या प्रत्यक्ष रूपाशी, प्रतीशी जुळले पाहिजे. आणि जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. कायदा राहू द्या बाजूला. आपल्याकडे बाजारात ज्याची मापे खोटी त्याच्या दुकानावर पुन्हा कोणी जात नाही. 'दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं' ही म्हण गिऱ्हाईक विसरलेले नाही.

म्हणून सगळ्याचा मथितार्थ एका ओळीत : माल हातात आल्यावर गिऱ्हाइकाला तो फोटोतल्यासारखाच वाटला, तर पाठ बरोबर. फोटोहून उणा वाटला तर पाठ लबाड, आणि फोटोहून सरस वाटला तर आपणच आपल्या मालावर अन्याय केला. वर सांगितलेल्या गुळाचा फोटो नंतर फिकट राखाडी कागदावर, एक तुकडा फोडून घेतला. रंग तपकिरीच आला, कारण तो आहेच तपकिरी. खाली त्यांनी लिहिले, "भुकटीविना गूळ, म्हणून रंग असा." आता थोडी थोडी मागणी येते, आणि महत्त्वाचे म्हणजे घरात भुकटीची गोष्ट पुन्हा निघालेली नाही.

जाता जाता दोन विनंत्या. ज्या गटांना कागद लावून फोटो काढून बघायचा असेल त्यांनी ऊस विकास विभागाच्या गट कार्यालयात माल घेऊन यावे. खिडकी चांगली पूर्वेची आहे, कागद आम्ही ठेवू. आणि दुसरी विनंती माझ्या मूळ कामाची : गूळ घरापुरता जरूर करा, पण कारखान्याकडे नोंद केलेला ऊस नोंदीप्रमाणे कारखान्यालाच द्या. हे लिहिल्याशिवाय माझा कोणताही लेख पुरा होत नाही, हे आपण जाणताच.

आपला,
ऊस विकास अधिकारी